युनिक्स सर्व्हरवरील डिस्कसंच आणि दोषनिदान : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

संगणकाचा इतिहास आजवर प्रामुख्याने शोधांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. कोणते यंत्र कोणत्या वर्षी तयार झाले, त्याचा निर्माता कोण, त्याचा वेग किती, या क्रमाने तो सांगितला जातो. यंत्र बिघडल्यानंतर ते दुरुस्त करणाऱ्यांनी काय केले, बिघाड नेमका कोठे आहे हे त्यांना कसे कळले, याची नोंद इतिहासलेखनात क्वचितच आढळते. वस्तुतः गेल्या तीन-चार दशकांत बँकांची खाती, विद्यापीठांचे निकाल, रुग्णालयांच्या नोंदी ज्या यंत्रणांवर साठवल्या गेल्या, त्यांत युनिक्स सर्व्हर आणि त्यांना जोडलेले डिस्कसंच यांचा वाटा फार मोठा आहे. या संचांतील माहिती अनेकदा मूळ बिघाडामुळे नव्हे, तर बिघाडाचे निदान चुकल्यामुळे नष्ट झाली आहे. म्हणून दोषनिदान हा केवळ तंत्रज्ञांचा विषय राहत नाही. तो साधनांच्या जतनाचा, म्हणजेच इतिहासाच्या अभ्यासकाचाही विषय ठरतो.

प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे आहे की, डिस्कसंचाची मूळ रचना एका गृहीतकावर उभी होती : बिघडलेली डिस्क आपण बिघडलो आहोत हे स्वतः सांगते. दोषनिदानाचा पुढचा सर्व इतिहास हा या गृहीतकाला पडत गेलेल्या तड्यांचा इतिहास आहे.

एका डिस्कचा काळ :

युनिक्सचा जन्म १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांच्या हातून झाला. त्या काळातील युनिक्स संगणकाला डिस्कचा संच नसे. एखाद-दुसरी डिस्क असे आणि तिची क्षमता आजच्या मानाने नगण्य होती. पीडीपी-११ संगणकांबरोबर वापरल्या जाणाऱ्या आरके०५ या डिस्कवर सुमारे २.५ मेगाबाइट माहिती मावत असे.

येथे युनिक्सच्या एका स्वभावविशेषाचा उल्लेख करणे आवश्यक आहे. वेग वाढावा म्हणून युनिक्स प्रत्येक बदल तत्काळ डिस्कवर लिहीत नसे. बदल आधी स्मृतीत होत व काही काळाने डिस्कवर उतरत. मधल्या काळात वीज गेली, तर डिस्कवरील फाइलींची यादी आणि प्रत्यक्ष जागावाटप यांचा मेळ बसत नसे. एकच जागा दोन फाइलींच्या नावावर लागलेली असे, किंवा कोणाच्याही नावावर नसलेली जागा वापरात असल्याचे दिसे. १९७९ सालच्या सातव्या आवृत्तीत हा हिशेब तपासण्यासाठी आयचेक व डीचेक अशी निरनिराळी साधने होती. त्यांचा अर्थ लावून दुरुस्ती करणे हे जाणत्या माणसाचे काम होते. पुढे टी. जे. कोवाल्स्की यांनी तयार केलेल्या एफएससीके या साधनाने ही तपासणी एकत्र आणली. ज्या फाइलींचे नाव हरवले पण मजकूर शिल्लक आहे, त्या हे साधन 'लॉस्ट अँड फाउंड' नावाच्या कप्प्यात नेऊन ठेवी. हरवलेल्या व सापडलेल्या वस्तूंसाठी रेल्वे स्थानकावर असते तशीच ही सोय म्हणावी लागेल.

कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात मॅकक्युसिक, जॉय, लेफ्लर व फॅब्री यांनी तयार केलेल्या जलद फाइल-व्यवस्थेत (त्यांचा निबंध १९८४ सालचा आहे) दोषनिदानाच्या दृष्टीने एक महत्त्वाची गोष्ट घडली. संपूर्ण फाइल-व्यवस्थेचे वर्णन ज्यात असते, त्या 'सुपरब्लॉक'च्या प्रती डिस्कवर अनेक ठिकाणी ठेवण्यात आल्या. या प्रती मुद्दाम वेगवेगळ्या अंतरावर ठेवल्या जात. हेतू हा की, डिस्कची एखादी चकती वा एखादा पट्टा खराब झाला तरी सर्व प्रती एकाच वेळी जाऊ नयेत. मुख्य सुपरब्लॉक वाचता येईनासा झाला, तर क्रमांक ३२ च्या ब्लॉकवरील प्रत वापरून एफएससीके चालवावे, हा सल्ला पुढे युनिक्स प्रशासकांच्या एका पिढीला तोंडपाठ होता. माहिती वाचवायची तर प्रती हव्यात, आणि त्या एकत्र नष्ट होणार नाहीत अशा विखुरलेल्या हव्यात, हे सूत्र येथेच स्पष्ट झालेले दिसते.

बर्कलीचा निबंध आणि त्यातील गृहीतक :

त्याच बर्कली विद्यापीठात डिसेंबर १९८७ मध्ये डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन व रँडी कॅट्झ यांनी एक अहवाल सिद्ध केला. १९८८ साली तो परिषदेत सादर झाला. मोठ्या, महागड्या एका डिस्कऐवजी अनेक लहान व स्वस्त डिस्कांचा संच वापरावा, हा त्याचा आशय. 'रेड' हे नाव त्यातूनच रूढ झाले. कल्पनेची बीजे त्याआधीही होती. आयबीएमच्या नॉर्मन औची यांना या स्वरूपाच्या पद्धतीचे पेटंट १९७८ साली मिळाले होते. तथापि कल्पनेचे पद्धतशीर वर्गीकरण करून तिला पाच पातळ्यांत बसवण्याचे श्रेय बर्कलीच्या निबंधालाच द्यावे लागते. (मूळ नावातील 'स्वस्त' हा शब्द पुढे उद्योगाने 'स्वतंत्र' असा बदलून घेतला. स्वस्त वस्तू महाग विकणाऱ्याला तो शब्द अडचणीचा वाटला असल्यास नवल नाही.)

या लेखकांनी अडचण लपवली नाही, हे विशेष. त्यांनी विचारात घेतलेल्या लहान डिस्कचे सरासरी आयुर्मान ३०,००० तास दिले होते. अशा १०० डिस्का एकत्र लावल्या, तर त्यांपैकी कोणती तरी एक बिघडण्यास सरासरी ३०० तास पुरतात, म्हणजे दोन आठवडेही नाहीत. संच जितका मोठा, तितका बिघाड नित्याचा. म्हणून जादा माहिती साठवणे अपरिहार्य होते.

ही जादा माहिती कशी साठवावी, याच्या चर्चेत संपूर्ण विषयाचे मर्म आहे. त्याचे उदाहरण असे : तीन डिस्कांवर एका ठिकाणी अनुक्रमे १, ० आणि १ लिहिलेले आहे. चौथ्या डिस्कवर आपण ० लिहिला, म्हणजे १ या अंकाची एकूण संख्या सम राहिली. आता दुसरी डिस्क नष्ट झाली, तर उरलेल्या १, १ आणि ० वरून तेथे ० होता हे निश्चित सांगता येते. या हिशेबाला 'पॅरिटी' म्हणतात. मात्र डिस्क नष्ट न होता तिने ० ऐवजी १ असे चुकीचे उत्तर दिले, तर हिशेब जुळत नाही एवढेच कळते. चौघींपैकी कोणी चुकीचे सांगितले ते कळत नाही.

दोषी कोण हेही शोधायचे, तर अधिक डिस्का खर्ची घालाव्या लागतात. रेडच्या दुसऱ्या पातळीत त्यासाठी हॅमिंगची सांकेतिक पद्धत वापरलेली होती. तीत माहितीच्या १० डिस्कांमागे तपासणीच्या ४ आणि २५ डिस्कांमागे ५ लागत. तिसऱ्या पातळीपासून पुढे मात्र प्रत्येक गटामागे केवळ एक तपासणी-डिस्क पुरेशी मानली गेली. या बचतीचे समर्थन निबंधात स्पष्ट आहे : कोणती डिस्क बिघडली हे तिचा कंट्रोलर ओळखू शकतो, मग त्यासाठी वेगळा खर्च कशाला? साक्षीदार कमी केले ते आरोपी स्वतःच कबुली देईल या भरवशावर, असेच याचे वर्णन करावे लागेल. त्या काळच्या डिस्कांच्या बाबतीत हा भरवसा अवाजवी नव्हता, आणि रेडचा आर्थिक लाभ बऱ्याच अंशी त्यावरच अवलंबून होता. तसेच डिस्का एकमेकींपासून स्वतंत्रपणे बिघडतात, असेही गणितासाठी मानण्यात आले होते.

सर्व्हर-खोलीतील वास्तव :

१९९० च्या दशकात सन, एचपी, आयबीएम इत्यादी कंपन्यांच्या युनिक्स सर्व्हरना डिस्कसंच जोडले जाऊ लागले. काही ठिकाणी संचाचा हिशेब स्वतंत्र कंट्रोलर ठेवी, तर काही ठिकाणी सर्व्हरवरील सॉफ्टवेअर. दुसऱ्या प्रकारात सनचे डिस्कस्वीट आणि वेरिटास कंपनीचे व्हॉल्यूम मॅनेजर ही नावे प्रमुख होत. (वेरिटासचे एक विकास केंद्र पुण्यात होते व २००५ मध्ये ती कंपनी सिमॅन्टेकमध्ये विलीन झाल्यानंतरही ते चालू राहिले.)

प्रत्यक्षात प्रशासकासमोर पहिली अडचण येई ती नावाची. सोलारिस या युनिक्समध्ये डिस्कचे नाव कंट्रोलर, पत्ता, डिस्क व विभाग यांच्या क्रमांकांनी बनते, उदाहरणार्थ सी१टी३डी०एस६. संगणकाच्या नोंदीत हे नाव येते. खोलीतील कपाटात मात्र एकसारख्या दिसणाऱ्या डिस्कांची रांग असते. नाव आणि खण यांचा संबंध कोणी लिहून ठेवला नसेल, तर प्रशासक एक साधी युक्ती करीत. डीडी या आज्ञेने संशयित डिस्क सलग वाचायला लावायची, म्हणजे तिचा दिवा लुकलुकत राहतो. डिस्क पूर्ण मृत असेल, तर बाकीच्या सर्व वाचायला लावायच्या. जिचा दिवा लागत नाही ती मृत. या युक्तीची दखल यंत्राच्या इतिहासात कोणी घेणार नाही. पण तिच्या अभावी निरोगी डिस्क उपसली जाऊन संपूर्ण संच कोसळण्याचा धोका असे.

दुसरी अडचण अधिक मूलगामी होती. त्या काळच्या स्कझी जोडणीत एकाच केबलवर अनेक डिस्का असत, प्रत्येकीचा पत्ता वेगळा असावा लागे आणि केबलच्या टोकाला टर्मिनेटर बसवावा लागे. टर्मिनेटर सैल झाला, केबल मर्यादेपेक्षा लांब झाली किंवा दोन डिस्कांना एकच पत्ता दिला गेला, तर तक्रार डिस्कच्या नावाने नोंदली जाई. सोलारिसमधील आयोस्टॅट हे साधन म्हणूनच चुकांची विभागणी सौम्य, कठीण व वहनातील अशा तीन प्रकारांत करते. वहनातील चुका वाढत असतील आणि त्याही एकाच केबलवरील अनेक डिस्कांच्या खात्यावर, तर डिस्क बदलून काही उपयोग नसतो. हे ज्याला कळत नसे तो एकामागून एक नवीन डिस्का बसवत राही.

संचाचे सॉफ्टवेअर स्वतःची स्थितीही कोठेतरी लिहून ठेवते. डिस्कस्वीटमध्ये या नोंदीच्या किमान तीन प्रती ठेवाव्यात असा दंडक होता व निर्णय बहुमताने होई. निम्म्या प्रती चांगल्या असतील तोवर चालू यंत्रणा चालू राही. पण बंद करून नेहमीप्रमाणे पुन्हा सुरू होण्यासाठी निम्म्याहून अधिक प्रती लागत. दोनच डिस्का असलेल्या लहान सर्व्हरवर प्रती समसमान वाटलेल्या असत. एक डिस्क गेली की सर्व्हर बिनबोभाट चालू राही. मग कोणी तरी सवयीने तो पुन्हा सुरू करी आणि तो नेहमीच्या अवस्थेत उभा राहतच नसे. बिघाड आदल्या दिवशीचा, लक्षण आजचे, आणि संशय मात्र पुन्हा सुरू करणाऱ्यावर, असा हा प्रकार होता.

याच सॉफ्टवेअरमध्ये, व पुढे त्याचेच रूप असलेल्या सोलारिस व्हॉल्यूम मॅनेजरमध्ये, दोन अवस्थांची नावे भेटतात : 'दुरुस्ती आवश्यक' आणि 'शेवटी चुकलेली'. संचातील दोन घटक बिघडले, तर आधी बिघडलेल्याला पहिली आणि नंतर बिघडलेल्याला दुसरी अवस्था मिळते. नियम असा की, 'दुरुस्ती आवश्यक' असलेला घटक आधी बदलावा, त्याची माहिती जुळवून व तपासून घ्यावी आणि मगच दुसऱ्याला हात लावावा. कारण आधी बिघडलेल्या घटकावरील मजकूर त्या क्षणी थांबलेला, म्हणजे शिळा असतो; अद्ययावत मजकूर असला तर शेवटी चुकलेल्यावर असतो. क्रम उलटा केला की ताजा पाठ हातचा जातो आणि उरतो तो शिळा. हस्तलिखितांच्या पाठचिकित्सेत ज्या प्रश्नाशी अभ्यासक वर्षानुवर्षे झगडतो, तो प्रश्न येथे प्रशासकाला काही मिनिटांत, बहुधा मध्यरात्री, सोडवावा लागे.

माणसाचा हात हा या साखळीतील किती कच्चा दुवा आहे, याचे भान संगणकशास्त्राला तसे जुने आहे. टँडेम कंपनीतील जिम ग्रे यांनी १९८५ सालच्या अहवालात यंत्रणा बंद पडण्याच्या कारणांपैकी ४२ टक्के कारणे प्रशासकीय कामकाजाशी संबंधित दाखवली होती. यंत्रसामग्रीचा वाटा १८ टक्के होता. २००१ साली ॲरन ब्राउन व रेडच्या मूळ निबंधाचे लेखक पॅटरसन यांनी बर्कलीतच एक प्रयोग केला. विंडोज, सोलारिस व लिनक्स यांवरील सॉफ्टवेअर-रेडमधील बिघडलेली डिस्क प्रशिक्षित व्यक्तींनी बदलायची होती. शिकवणी झालेली असूनही चुका झाल्या आणि त्यांतील काहींत माहिती कायमची नष्ट झाली. आपल्या रचनेची माणसाच्या हाताखाली अशी परीक्षा घेणारा संशोधक विरळाच.

न बोलणारे बिघाड :

वरील सर्व प्रसंगांत निदान कोठे तरी तक्रार नोंदली गेलेली असते. खरी कसोटी लागते ती काहीच नोंदले जात नाही तेव्हा. पाचव्या पातळीच्या रेडमध्ये मजकूर व पॅरिटी या दोन वेगवेगळ्या डिस्कांवरील नोंदी आहेत. एक लिहून झाली व दुसरी लिहिण्यापूर्वी वीज गेली, तर दोघींचा मेळ तुटतो. या दोषाला 'राइट होल' असे नाव आहे. तो लगेच दिसत नाही. महिन्यांनी एखादी डिस्क बिघडते, तिची माहिती पॅरिटीवरून पुन्हा तयार केली जाते, आणि त्या दिवशी ज्या फाइलीला कोणी स्पर्शही केला नव्हता तिच्यात चुकीचा मजकूर येतो. महागड्या कंट्रोलरमध्ये यावर उपाय म्हणून बॅटरीवर चालणारी स्मृती दिली गेली. परंतु बॅटरी जुनी होते; ती क्षीण झाल्यावर बरेच कंट्रोलर सावधगिरी म्हणून थेट डिस्कवर लिहू लागतात आणि सर्व्हर मंदावतो. वापरकर्त्यांची तक्रार मंद वेगाची आणि कारण एक मरणासन्न बॅटरी, हा संबंध लक्षात येण्यास दिवस जात.

२००७-०८ ही वर्षे या विषयात निर्णायक ठरली, कारण तोवर अनुभवाने सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींना प्रथमच मोठ्या प्रमाणावर आकड्यांचा आधार मिळाला. बियांका श्रोडर व गार्थ गिब्सन (रेडच्या मूळ लेखकांपैकी दुसरे) यांनी सुमारे १,००,००० डिस्कांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. उत्पादकांच्या माहितीपत्रकांनुसार वर्षाला फार तर ०.८८ टक्के डिस्का बिघडायला हव्या होत्या. प्रत्यक्षात बदलल्या जाणाऱ्या डिस्कांचे प्रमाण सामान्यतः २ ते ४ टक्के आणि काही ठिकाणी १३ टक्क्यांपर्यंत आढळले. शिवाय एका बिघाडापाठोपाठ दुसरा येण्याची शक्यता स्वतंत्र घटनांच्या गणितापेक्षा अधिक होती. त्याच वर्षीच्या गुगलच्या अभ्यासात बिघडलेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांनी महत्त्वाच्या चार सूचक नोंदींपैकी एकही पूर्वसूचना दिलेली नव्हती. १५.३ लाख डिस्कांच्या आणखी एका अभ्यासात ३२ महिन्यांत ३.४५ टक्के डिस्कांवर सुप्त दोष आढळले, म्हणजे वाचायला गेल्याशिवाय न कळणारे.

प्रस्तुत लेखकाच्या मते या सर्वांत अधिक बोलका अभ्यास २००८ सालचा, वेहांग जियांग व त्यांच्या सहकाऱ्यांचा आहे. नेटॲपच्या सुमारे ३९,००० यंत्रणांमधील १८ लाख डिस्कांच्या ४४ महिन्यांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. साठवण-यंत्रणेच्या एकूण बिघाडांत डिस्कचा वाटा २० ते ५५ टक्के निघाला, तर केबल, कप्पे इत्यादी जोडणीचा वाटा २७ ते ६८ टक्के. ज्याला आपण सर्रास 'डिस्कचा बिघाड' म्हणत आलो, त्यात डिस्क अनेकदा निर्दोष होती.

गृहीतकाचा त्याग :

सन कंपनीत जेफ बॉनविक, मॅथ्यू अहरेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ पासून विकसित केलेली झेडएफएस ही फाइल-व्यवस्था २००५ मध्ये ओपनसोलारिसमध्ये व २००६ मध्ये सोलारिस १० मध्ये आली. तिची भूमिका मुळातच वेगळी आहे. डिस्क काय सांगते यावर ती विसंबत नाही. प्रत्येक ब्लॉकची पडताळणी-संख्या त्या ब्लॉकजवळ न ठेवता त्याच्याकडे निर्देश करणाऱ्या वरच्या ब्लॉकमध्ये ठेवली जाते. दस्त एका कचेरीत आणि त्याची मोहोर दुसरीकडे, अशी ही व्यवस्था आहे. जुना मजकूर पुसून त्याच जागी नवा लिहिण्याची पद्धतही तिने सोडली व त्यायोगे राइट होलचा प्रश्न निकाली काढला.

पडताळणी फसली पण एकाही डिस्कने तक्रार केली नाही, तर ही व्यवस्था आळीपाळीने एकेक डिस्क खोटी आहे असे धरून मजकूर पुन्हा बांधते व जुळणी तपासते. ज्या जुळणीत संख्या बरोबर येते त्यावरून दोषी डिस्क ठरते. दुसऱ्या पातळीच्या रेडला ज्या कामासाठी चार-पाच डिस्का लागत, ते काम आता एका लहानशा संख्येच्या बळावर होऊ लागले. १९८८ मध्ये वगळलेला साक्षीदार वेगळ्या वेषात परत आला.

पुढील घडामोडी थोडक्यात नोंदवणे पुरेसे आहे. २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली. २०१३ पासून ओपनझेडएफएस या नावाने स्वतंत्र विकास सुरू झाला. लिनक्सच्या स्वतःच्या रेडमध्ये २०१६ च्या प्रारंभी आलेल्या ४.४ आवृत्तीत राइट होलवर उपाय म्हणून नोंदवहीची सोय झाली. डिस्का मोठ्या होत गेल्याने एका डिस्कची पुनर्बांधणी तासांवरून दिवसांवर गेली. तो काळ कमी करण्यासाठी ओपनझेडएफएसच्या २०२१ सालच्या २.१ आवृत्तीत राखीव जागा सर्व डिस्कांवर विखुरणारी रचना आली.

प्रशासकाचे काम मात्र यामुळे संपलेले नाही. झेडएफएसचा स्थितिदर्शक तक्ता प्रत्येक डिस्कपुढे तीन आकडे दाखवतो : वाचनातील चुका, लेखनातील चुका आणि पडताळणीतील चुका. पडताळणीतील चुका एकाच डिस्कपुढे असतील, तर संशय डिस्कवर जातो. त्या एकाच केबलवरील सर्व डिस्कांपुढे असतील, तर केबल वा कंट्रोलर तपासावा लागतो. आणि सर्वच डिस्कांपुढे थोड्याथोड्या पसरलेल्या असतील, तर सर्व्हरची स्मृती किंवा वीजपुरवठा तपासण्याची वेळ आलेली असते, आणि तोवर एकही डिस्क खणातून काढायची नसते.